आईचे २४ मीटर, सिग्नलचे १८ सेकंद

पायपीट | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, दोन वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

निमित्त आईचं. वय ७१, गुडघे 'भाड्याचे' (तिचाच शब्द), पण भाजी स्वतः निवडूनच आणायची हा हट्ट. मुलुंडला आमच्या घरून बाजाराकडे जाताना एक मोठा रस्ता ओलांडावा लागतो. सिग्नल आहे, पट्टे आहेत, हिरवा माणूससुद्धा लागतो, म्हणजे मुंबईच्या मानाने आम्ही खानदानी श्रीमंत. चौकाचं नाव देत नाही. तुमच्या घराजवळचाही असाच असेल.

मागच्या महिन्यात ती रिकामी पिशवी घेऊन परत आली. "मधेच लाल झाला, मग मागे फिरले." एवढंच. मागे फिरली म्हणजे सुटलेल्या गाड्यांच्या तोंडासमोरून. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून तिच्या मागून चाललो. फुटपाथ ते फुटपाथ, पावलांनी मोजून साधारण २४ मीटर. हिरवा माणूस, त्याची शेवटची लुकलुक धरून, १८ सेकंद. आईला लागले ३१. पट्ट्यावर उभ्या रिक्षाला वळसा घालण्याचा वेळ यात धरलेला नाही.

मग रात्री वाचत बसलो. सिग्नलचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरायची पद्धत बऱ्याच देशांत आहे, आपल्याकडेही. २४ भागिले १.२ म्हणजे २०. म्हणजे पुस्तकातल्या माणसालासुद्धा आमचा सिग्नल दोन सेकंद कमीच देतो. आईचा वेग निघाला पाऊण मीटरच्या जरासा वर. आधी वाटलं आपलीच आई हळू. पण २०१२ साली इंग्लंडमधला एक अभ्यास आला होता, ६५ वर्षांवरच्या लोकांच्या चालण्याच्या वेगाचा. दहातल्या आठांहून जास्त पुरुष आणि नऊहून जास्त बायका १.२ गाठूच शकत नव्हत्या. बायकांची सरासरी ०.८. म्हणजे आई अगदी नॉर्मल आहे. सिग्नल ज्याच्यासाठी लावलाय तो माणूस वेगळाच कोणीतरी आहे.

तुमच्याकडे काय परिस्थिती? आणि पायी चालणारे, सायकलवाले यांच्याबद्दल खरोखरचं संशोधन काय सांगतं ते इथे गोळा करूया का? "लोकांना शिस्त नाही" हे सोडून काहीही चालेल.

रिंगरूट | शनिवार, रात्री ९.५८

लोकांना शिस्त नाही. :)

सदाशिवपेठी | शनिवार, रात्री १०.०५

आमच्या पुण्यात सेकंद मोजायला आधी सिग्नल चालू असावा लागतो. वाचतोय.

रिंगरूट | शनिवार, रात्री १०.१४

गंमत बाजूला. काकूंबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. पण मी रोज ठाणे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) गाडी चालवतो. कानात इअरफोन, मान मोबाईलमध्ये आणि हात वर करून 'थांब' असा आशीर्वाद देत लोक मधूनच उतरतात. दुभाजकाच्या जाळीत भोकं पाडून येतात. वर पूल असतो, खाली भुयार असतं, तरी रस्त्यावरूनच. उद्या कोणी बॉनेटवर आला की गुन्हा माझ्यावर. याच्यावरही असेल ना संशोधन?

कंत्राटी | शनिवार, रात्री ११.२०

चांगला धागा. रस्त्याच्या कामात बावीस वर्षं घालवली (बाजू विचारू नका, दोन्हीकडून बिलं पाहिली आहेत). १८ सेकंद कुठून आले ते सांगतो, यात कोणाचा दुष्टपणा नसतो, हेच दुःख आहे.

चौकाचं एक पूर्ण चक्र असतं, समजा १५० सेकंदांचं. ते वेगवेगळ्या दिशांना वाटायचं. वाटप कशावरून? कुठून किती गाड्या येतात त्यावरून. आता गोम अशी की मोठा रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला हिरवा मिळतो तो बाजूच्या लहान रस्त्याच्या गाड्या सुटतात तेव्हा. लहान रस्त्याला गाड्या कमी, म्हणून त्याचा हिरवा लहान. म्हणजे रस्ता जितका रुंद आणि वाहता, तितका तो ओलांडायला वेळ कमी. आईंचं चालणं त्या हिशोबात कुठेच येत नाही. गाड्या मोजायला माणसं बसवतात, म्हाताऱ्या मोजायला कोणी बसवत नाही.

उपाय महाग नाहीत. एक, मधे थांबायला नीट जागा. दीड फुटाचा दुभाजक नाही, ज्यावर माणूस कावळ्यासारखा उभा राहतो. निदान दीड-दोन मीटर रुंद, पिशवी आणि नातवंडासकट उभं राहता येईल असा थांबा. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाच्या आकड्यांत अशा मधल्या थांब्याने पादचाऱ्यांचे अपघात निम्म्याहून जास्त, ५६ टक्के घटल्याची नोंद आहे. दोन, पादचाऱ्याला गाड्यांच्या आधी ३ ते ७ सेकंद हिरवा द्यायचा. वळणारी गाडी सुटेपर्यंत माणूस रस्त्याच्या मधे आलेला असतो आणि दिसतो. यातून तिकडे १३ टक्के घट नोंदवली आहे. खर्च शून्य, फक्त सिग्नलच्या पेटीत आकडा बदलायचा.

रिंगरूट, पुलाचं तुम्ही काढलंत म्हणून. रस्ता ओलांडायला २० सेकंद, पूल चढून-उतरून तीन-चार मिनिटं. गुडघे भाड्याचे असतील तर जास्त. आयआयटी दिल्लीचे दिनेश मोहन (२०२१ मध्ये गेले) आणि गीतम तिवारी यांनी कित्येक वर्षं हेच कंठशोष करून सांगितलं, की शहरातला पादचारी जमिनीवरूनच ओलांडणार, तेव्हा जमिनीवरची सोय सुरक्षित करा. आपण २००८ ला वांद्र्यापासून स्कायवॉक, म्हणजे लांबलचक पादचारी पूल, बांधत सुटलो. तो पहिला वांद्र्याचा पुढे धोकादायक म्हणून बंद करून पाडावा लागला. पूल हा पादचाऱ्यासाठी नसतोच, तो खालून जाणाऱ्या गाडीसाठी असतो.

भायखळ्याची_भाची | शनिवार, रात्री ११.३१

"म्हाताऱ्या मोजायला कोणी बसवत नाही" +१००

स्कायवॉकवर आणखी एक. रात्री नऊनंतर एकट्या बाईने त्या नळकांड्यात शिरायचं म्हणजे दोन टोकं सोडली तर मधे बाहेर पडायची वाट नाही. मी मुकाट गाड्यांमधून पळते. गाड्या निदान दिसतात तरी.

अस्थिरमती | रविवार, सकाळी ६.५०

नाईट संपवून लिहितोय, शुद्धलेखन माफ. एका सरकारी इस्पितळात हाडांच्या विभागात आहे.

रिंगरूट यांच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या बाजूने देतो. माणूस मोबाईल बघत होता का, हे हाडाला माहीत नसतं. हाडाला फक्त वेग कळतो. अमेरिकेत २०११ मध्ये एक विश्लेषण झालं. धडकेचा वेग ताशी सुमारे ३७ किमी असेल तर पादचाऱ्याच्या मृत्यूचा सरासरी धोका १० टक्के. ५१ ला २५ टक्के. ६८ ला ५० टक्के. हे फक्त मृत्यूचं. जबर दुखापतीचा, म्हणजे जे आमच्याकडे महिनोन्महिने असतात त्यांचा धोका ५० किमीलाच निम्म्यावर जातो.

(जुन्या लेखांत "५० ला निम्मे मरतात" असं वाचाल. तो आकडा फुगलेला होता, कारण किरकोळ खरचटलेल्यांची नोंदच व्हायची नाही. नंतर जर्मनीतल्या आकडेवारीवरून तो दुरुस्त झाला, तरी ५० चा धोका ३० च्या पाचपटीहून जास्त हे प्रमाण त्यातही निघालंच.)

आणि पायपीट, हे खास तुमच्यासाठी. त्याच अमेरिकन विश्लेषणात वय वेगळं काढलंय. ७० वर्षांच्या माणसाला ४० च्या वेगाने धडक बसली तर जेवढा धोका, तेवढा ३० वर्षांच्या माणसाला ५६ च्या वेगाने बसल्यावर. म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक गाडी तुमच्या आईसाठी काट्यावर दिसते त्यापेक्षा १६ किमीने जास्त जोरात पळत असते. त्यात हल्लीच्या उंच नाकाच्या गाड्या. साध्या गाडीचा बंपर गुडघ्याखाली लागतो, माणूस बॉनेटवर लोळतो. उंच गाडी सरळ कमरेला, छातीला लागते आणि माणूस पुढे पडून चाकाखाली जातो. अमेरिकेतच २०२३ ला मोजलं होतं, सुमारे एक मीटरहून उंच बॉनेट असेल तर पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या उतरत्या बॉनेटपेक्षा ४५ टक्क्यांनी जास्त.

दिवसा मुंबईत गाड्या रांगतात, त्यामुळे आमच्याकडे येतात ते बहुतेक पाय आणि मनगटं. रात्री दीडनंतर तोच रस्ता मोकळा होतो. तेव्हा येतात ते वेगळे. झोपतो आता.

रिंगरूट | रविवार, सकाळी ९.१५

डॉक्टर, हे माहीत नव्हतं. ३० आणि ५० मध्ये एवढा फरक पडत असेल असं वाटत नव्हतं. माझ्यासारख्याला दोन्ही हळूच वाटतात.

कंत्राटी | रविवार, सकाळी ९.४०

सोपा हिशोब करा. पोर आडवं आलेलं दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. ५० च्या वेगाने त्या एका सेकंदात गाडी जवळजवळ १४ मीटर गेली, ब्रेक अजून लागायचाय. ३० ची गाडी तेवढ्या अंतरात ब्रेक लागून उभीसुद्धा राहिली. शिस्त दोघांची सारखीच.

दुचाकीदेवी | रविवार, सकाळी १०.२२

सगळं पटतंय, पण फुटपाथ हा विषय कोणी काढला नाही म्हणून आश्चर्य. आमच्या विक्रोळीत फुटपाथ म्हणजे झाड, विजेची पेटी, चहाची टपरी, देऊळ, एक बंद पडलेली बाईक आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक. शेवटी बघावं तर गटाराचं झाकण चार बोटं वर. माणूस रस्त्यावरूनच चालणार. मग आम्ही दुचाकीवाले त्याला चुकवणार आणि मागचा टेम्पो आम्हाला. फेरीवाल्यांना आधी उठवा, मग संशोधन.

संपादक | रविवार, दुपारी १२.०५

फेरीवाले कोण, कुठून आले यावरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. विषयावर राहा.

भायखळ्याची_भाची | रविवार, दुपारी १२.३०

अरेच्चा, एवढ्यात? मी पॉपकॉर्न घेऊन येईपर्यंत आखाडा झाला की धाग्याचा.

दुचाकीदेवी, माझं उलट मत. रात्री मी टपऱ्या असलेल्या बाजूनेच चालते, उजेड आणि माणसं असतात म्हणून. टपरी आणि चालायची वाट दोन्ही मावेल एवढा फुटपाथ हवा. आमच्याकडे तो अडीच फूट आणि त्याला लागून गाड्यांच्या फुकट पार्किंगची रांग आठ फूट. चहावाल्याने चालायची वाट अडवली हे सगळ्यांना दिसतं, पांढऱ्या एसयूव्हीने अडवली ते कोणाला दिसत नाही.

कंत्राटी | रविवार, दुपारी १.१०

भाचीबाईंना अनुमोदन. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं पुस्तक आहे, आयआरसी १०३, २०१२ ची आवृत्ती. त्यात चालायला निखळ मोकळी जागा किमान १.८ मीटर. झाड, खांब, टपरी हे सगळं त्या १.८ च्या बाहेर धरायचं. आणि फुटपाथची उंची १५ सेंमी. आपल्याकडे दरवेळी रस्त्यावर थर चढतो, मग फुटपाथ चढतो, काही ठिकाणी तो पार गुडघ्याला आलाय. मग म्हातारी माणसं उतरतच नाहीत, कडेने रस्त्यावरूनच चालतात, आणि आपण म्हणतो फुटपाथ असून वापरत नाहीत.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फुटपाथ हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलंय. अर्ज करणाऱ्यांनी हे वाक्य जरूर घालावं. साहेब लोक निदान चष्मा लावून वाचतात.

गिअरबॉक्स | रविवार, रात्री ८.४५

सायकलवाल्यांतर्फे हजेरी. दर रविवारी पहाटे मुलुंड ते नरिमन पॉईंट, साडेआठला घरी. एक भन्नाट प्रयोग सांगतो. इयन वॉकर म्हणून बाथ विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ, २००७ साली त्यांनी सायकलला अंतर मोजायचं यंत्र लावलं आणि दोन हजारांवर गाड्या किती जवळून जातात ते नोंदवलं. हेल्मेट घातलं की गाड्या एरवीपेक्षा सरासरी साडेआठ सेंमी अधिक जवळून जात. मग त्यांनी लांब केसांचा विग घातला. बाई समजून लोक १४ सेंमी जास्त जागा सोडू लागले. या प्रयोगात त्यांना एकदा बस आणि एकदा ट्रक धडकला, दोन्ही वेळा हेल्मेट डोक्यावर.

दुचाकीदेवी | रविवार, रात्री ८.५२

म्हणजे उद्यापासून तू अंबाडा घालणार?

गिअरबॉक्स | रविवार, रात्री ८.५५

गजऱ्यासकट.

पण प्रामाणिकपणे पुढचंही सांगतो. २०१३ ला ऑलिव्हिए आणि वॉल्टर या दोघांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि हेल्मेटचा परिणाम दखल घेण्याजोगा नाही असं म्हटलं. वाद मिटलेला नाही. मी हेल्मेट घालतोच, पडल्यावर डोकं आपलंच असतं. पण ट्रकखाली गेल्यावर त्याचा काय उपयोग? कॅनडात २०१२ चा अभ्यास आहे, टोरंटो आणि व्हँकुव्हरच्या ६९० जखमी सायकलस्वारांना गाठून. कडेला गाड्या लावलेला मोठा रस्ता आणि गाड्यांपासून वेगळा राखलेला सायकल ट्रॅक, यात दुसऱ्याचा धोका पहिल्याच्या नवव्या हिश्श्याएवढा. मुंबईत असे ट्रॅक हवेत. २०११ ला बीकेसीत केले होते, त्यावर गाड्या लागल्या. पवईला तलावाकाठी केला, तो मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवून काढायला लावला. तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किमीची योजना होती. आपल्याला ट्रॅक लाभतच नाहीत.

डब्याची_सायकल | रविवार, रात्री ११.४८

नेहमी फक्त वाचतो. आज लिहितो.

माझे वडील डबेवाले. आंबेगावचे. ३१ वर्षं अंधेरी पूर्वेला सायकल चालवली. या धाग्यावर 'सायकलवाले' हा शब्द आला की तुमच्या डोळ्यासमोर पहाटेची माणसं येतात. वडिलांनी स्वतःला कधी सायकलस्वार म्हटलं नाही. ते म्हणायचे, मी लाईनवर आहे. काळी जड सायकल, हँडलला दोन्हीकडे आणि करियरला मिळून पंचवीस-तीस डबे, दुपारी साडेबाराच्या आत पोचवायचे. पाववाले, इस्त्रीवाले, दूधवाले, रात्रपाळीचे वॉचमन, सगळे असेच. यांना गिअर नसतो, दिवा नसतो, हेल्मेट तर नाहीच.

पवईच्या ट्रॅकची बातमी मी त्यांना वाचून दाखवली होती. ते म्हणाले, "तळ्याभोवती कोणाचा डबा असतो?"

त्यांना दोनदा लागलं. दोन्ही वेळा मागून, दोन्ही वेळा डावीकडे वळणारी गाडी. दुसऱ्या वेळी खुबा. डब्यांची भरपाई त्यांनीच केली. पोलिसात गेले नाहीत, कारण तेवढ्या वेळात दुसऱ्या दिवसाची लाईन चुकली असती. म्हणजे तुमच्या आकड्यात ते नाहीत.

एक विचारायचं होतं. हळू चालणाऱ्या सायकलला धोका जास्त असतो का? वडील नेहमी म्हणायचे, की तरणा होतो तेव्हा गाड्या चुकवत जायचो, वय झालं तशा गाड्या अंगावर यायला लागल्या.

गिअरबॉक्स | सोमवार, सकाळी ७.१०

तुमचा प्रतिसाद रात्री वाचला, उत्तर सुचेना. सकाळी शोधलं. वडिलांचं बरोबर आहे. ब्रिटनमध्ये २०१४ पासून रेचल ऑल्ड्रेड यांनी थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची नोंद घेतली, अपघात न झालेल्या. सायकलवाल्यांना एकेका दिवसाची डायरी लिहायला लावली. ताशी १३ किमीपेक्षा हळू जाणाऱ्यांना, वीसच्या आसपास किंवा वर जाणाऱ्यांपेक्षा दर मैलामागे तिप्पट असे प्रसंग येतात. बायकांना जास्त येतात, तेही मुख्यतः हळू चालवतात म्हणून. हळू सायकलला जास्त गाड्या ओलांडून जातात, आणि प्रत्येकाला वाटतं आपण सहज पुढे काढू.

तळ्याभोवती कोणाचा डबा असतो. बरोबर आहे. मी स्वतः त्या ट्रॅकसाठी सह्या गोळा करत होतो.

अस्थिरमती | सोमवार, दुपारी ३.०२

डब्याची_सायकल, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं का? आता चालतात कसे?

तुमचा 'आकड्यात नाहीत' हा मुद्दा फार खरा आहे. पोलिसांच्या नोंदी आणि इस्पितळांच्या नोंदी जगात कुठेच जुळत नाहीत, आणि सगळ्यात जास्त गळतात ते सायकलवाले आणि चालणारेच. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात पादचारी ३२,८२५, म्हणजे साडेएकोणीस टक्के, हा सरकारी आकडा. मुंबईत मात्र मृतांमध्ये पादचाऱ्यांचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. मृत्यू लपत नाही म्हणून हे तरी कळतं. खुबे कोण मोजतंय?

वाचणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. जखमीला इस्पितळात आणणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने संरक्षण आहे, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. बिनधास्त आणा. आणि गाडी पळून गेली असेल तर सरकारी योजनेत मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. आमच्या वॉर्डात दहातल्या एकालाही हे ठाऊक नसतं.

डब्याची_सायकल | सोमवार, रात्री ११.३०

झालं ऑपरेशन. गावी असतात आता. काठी लागते, पण शेतात जातात. विचारलंत, बरं वाटलं.

रिंगरूट | मंगळवार, रात्री १०.०८

एक शंका, खवचटपणा नाही. जिकडे चालणारे-सायकलवाले जास्त तिकडे प्रत्येकाचा धोका कमी, असं कुठेतरी वाचलं होतं. मग मुंबईत तर निम्म्याहून जास्त फेऱ्या पायीच होतात. आपण जगात सगळ्यात सुरक्षित असायला हवं.

कंत्राटी | मंगळवार, रात्री ११.१५

झकास प्रश्न. ते पीटर जेकबसन यांचं, २००३ चं. कॅलिफोर्नियातली ६८ शहरं, डेन्मार्कमधली ४७ गावं वगैरे आकडे घेऊन त्यांनी दाखवलं, की चालणारे दुप्पट झाले तर धडका दुप्पट होत नाहीत, साधारण एकतृतीयांशाने वाढतात. म्हणजे प्रत्येकाचा धोका तेवढ्याच प्रमाणात उतरतो. पण लोक जास्त म्हणून रस्ता सुरक्षित, की रस्ता सुरक्षित म्हणून लोक जास्त, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही.

माझं मत विचाराल तर संख्येचा धाक बसायला गाडीवाल्याने कधीतरी स्वतः चाललेलं असावं लागतं. डेन्मार्कमध्ये गाडी चालवणाराच उद्या सायकलवर असतो. आपल्याकडे जो चालतो तो चालतोच आणि जो गाडीत असतो तो लिफ्टमधून थेट गाडीत. दादर स्टेशनबाहेर संध्याकाळी बघा, तिथे संख्या जिंकते, टॅक्सी मुंगीच्या पावलाने जाते. तोच माणूस हमरस्त्यावर एकटा सापडला की संपलं.

नेदरलँड्सचं उदाहरण देतात लोक, पण ते जन्मजात तसे नव्हते. १९७१ मध्ये त्या एवढ्याशा देशात सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर गेली, त्यात चारशेवर मुलं. 'मुलांच्या हत्या थांबवा' असं म्हणत आयाबाया रस्त्यावर बसल्या, तेव्हा रस्ते बदलले. नॉर्वेच्या ओस्लोत २०१९ च्या अख्ख्या वर्षात एकही पादचारी किंवा सायकलवाला गेला नाही. तिथे त्यांनी शिस्तीचे फलक नाही लावले, वेग उतरवला आणि पार्किंग काढलं. न्यूयॉर्कसमोर नदीपलीकडे होबोकेन म्हणून दाटीवाटीचं गाव आहे, जानेवारी २०१७ नंतर सात वर्षांहून जास्त काळ तिथे रस्त्यावर मृत्यू नाही. त्यांची मुख्य युक्ती काय, तर चौकाच्या कोपऱ्यावर गाडी लावू द्यायची नाही, म्हणजे ओलांडणारा आणि गाडीवाला एकमेकांना दिसतात. आपल्याकडे कोपरा हा रिक्षास्टँडसाठीच जन्माला येतो.

सदाशिवपेठी | मंगळवार, रात्री ११.२१

आणि भेळेसाठी.

पायपीट | शुक्रवार, रात्री ९.३०

एवढा प्रतिसाद येईल असं वाटलं नव्हतं. सगळं आईला वाचून दाखवलं. डबेवाल्या काकांच्या ठिकाणी थांबवून परत वाचायला लावलं. सोळा किमीचं गणित ऐकून म्हणाली, "मग मी काय सोळा किलोमीटर आधी निघू?"

दरम्यान अर्ज घेऊन गेलो. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही. एका टेबलावर कळलं सिग्नल त्यांचा नाही, दुसऱ्यावर कळलं सिग्नल त्यांचा पण वेळ त्यांचा नाही. तिसऱ्या टेबलावरचे गृहस्थ सज्जन होते. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "२४ मीटर कशावरून?" म्हटलं, पावलांनी मोजले. ते हसले नाहीत, पण हसू दाबल्याचं दिसलं.

कंत्राटी | शुक्रवार, रात्री १०.००

बरोबर विचारलं त्यांनी. पावलं कागदावर चालत नाहीत.

असं करा. टेपने रुंदी घ्या, दोन्ही फुटपाथच्या कडांपासून, आणि दुभाजकाची रुंदी वेगळी. सिग्नलची पूर्ण चक्रं निदान दहा मोजा, सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा, कारण वेळेनुसार आकडे बदलतात. हिरवा आणि लुकलुक वेगवेगळे लिहा. त्या चक्रांत किती लोक मधे अडकले ते मोजा, त्यात साठीवरचे वेगळे. एका पानात बसवा. सोबत माहितीच्या अधिकारात त्या चौकाचं मंजूर वेळापत्रक मागा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. कागदावर २४ सेकंद आणि रस्त्यावर १८ असं निघालं तर पुढचं बोलणं फार सोपं होतं. तसं नसेल तर मधल्या थांब्याची मागणी करा, त्याला कोणाचे सेकंद कापावे लागत नाहीत. मालाडच्या मिठचौकीला आधी रंग आणि तात्पुरते अडथळे लावून चौक बदलून बघितला होता, तसा प्रयोग मागा. 'प्रयोग' म्हटलं की कोणाला सही करायची भीती वाटत नाही.

रिंगरूट | शुक्रवार, रात्री १०.१८

मोजायला माणसं लागतील. मी येतो. गाडी घरी ठेवून येतो.

दुचाकीदेवी | शुक्रवार, रात्री १०.२०

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

भायखळ्याची_भाची | शुक्रवार, रात्री १०.२६

मीही. पण रविवारी नको, बाजाराची खरी गर्दी शनिवारी संध्याकाळी. आणि काकूंना आणा, त्यांचा वेग तीन-चार वेळा घ्यायला हवा, एकदाच घेतलेल्या ३१ सेकंदांवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

पायपीट | शुक्रवार, रात्री १०.४०

आई तयार आहे. तिची अट एकच, चारही वेळा ओलांडून होईपर्यंत भाजी कोणी विकत घ्यायची नाही, भाव ती करणार.

उद्या संध्याकाळी साडेपाच. टेप माझ्याकडे आहे.

कंत्राटी | शुक्रवार, रात्री १०.४३

किती मीटरची?

पायपीट | शुक्रवार, रात्री १०.४९

दीड. आईच्या शिवणाच्या डब्यातली.

कंत्राटी | शुक्रवार, रात्री १०.५०

राहू द्या. तीस मीटरची घेऊन मीच येतो.